घंटी, दिवा आणि रेडियम : सायकलचा कायदा आणि आपली काळजी



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातले रस्ते रात्री झोपत नाहीत. बैलगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक यांची गव्हाणीकडे रीघ लागते. त्याच रस्त्याने पाळीवरून सुटलेला कामगार सायकलने घरी निघालेला असतो. अनेक गावांत अजूनही कृषिपंपाला पाळीने रात्रीची वीज येते, म्हणून पाणी धरायला निघालेला शेतकरीही वाटेत असतो. सकाळच्या शाळेची पोरे-पोरी उजाडण्याआधीच पायडल मारायला लागलेली असतात. वर उडालेली धूळ, पेटलेल्या पाचटाचा धूर आणि थंडीतले धुके.

या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा घेतला आहे, पण तोही आपल्या घरादाराचाच आहे. सायकलला घंटी, दिवा आणि परावर्तक असावा की नाही, याविषयी कायदा काय सांगतो आणि त्याच नियमाने आपली ट्रॉली नि बैलगाडी कुठे बसते, हे समजून घेऊ. एक गोष्ट आधीच सांगतो. कायदा सायकलकडे कमी मागतो आणि ट्रॉलीकडे जास्त मागतो. अंधार मात्र दोघांकडे सारखेच मागतो.

सायकल कोणत्या कायद्यात बसते?

पुष्कळ सभासद म्हणतात, "सायबांनू, सायकलला ना पासिंग, ना लायसन. मग कायदा आला कुठून?" प्रश्न रास्त आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा यंत्राच्या शक्तीने चालणाऱ्या वाहनासाठी आहे. पायाने चालणारी सायकल त्यात येत नाही, बैलगाडीही येत नाही. म्हणून सायकलला नोंदणी नाही, परवाना नाही आणि विम्याची सक्तीही नाही.

पण म्हणून सायकल कायद्याच्या बाहेर आहे असे नव्हे. आपल्या राज्यात १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आहे, त्यालाच आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. या कायद्यात 'वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच सायकल धरलेली आहे. कलम ३३ प्रमाणे रस्त्यावरच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार शहरात पोलीस आयुक्तांना आणि जिल्ह्यात दंडाधिकाऱ्यांना आहे. वाहनांवर किती दिवे असावेत, ते कुठे असावेत आणि कोणत्या वेळी लावावेत, हे ठरवण्याचा अधिकारही त्यातच येतो. म्हणजे सायकलच्या दिव्याचा नियम दिल्लीहून येत नाही, तो आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ठरतो. त्याच कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे वाहन रस्त्याच्या डाव्या अंगाने चालवायचे आणि पुढच्या वाहनाला ओलांडताना त्याच्या उजव्या बाजूने जायचे. सायकलस्वाराला यातून सूट नाही.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना जुना काळ आठवत असेल. शहरात सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला तर कोपऱ्यावरचा पोलीस दादा थांबवायचा, आणि तो लांबून दिसला की लोक खाली उतरून सायकल हातात धरून चालायला लागायचे. बिल्ले गेले, पोलिसाची ती नजरही मोटारीकडे वळली. पण दिवा ज्या कारणासाठी लागत होता ते कारण कुठे गेले नाही, उलट वाढले. तेव्हा रस्त्यावर गाड्या मोजक्या होत्या. आज त्याच रस्त्याने रात्रीचे ट्रक सुसाट जातात.

घंटी, दिवा आणि तांबडी काच या तीन गोष्टी काही कुणी हौसेने सुचवलेल्या नाहीत. १९४९ साली जिनिव्हा येथे रस्ता वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत या कराराचा सदस्य आहे. त्याच्या २६ व्या कलमात एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या सायकलीसाठी चार गोष्टी सांगितल्या आहेत : निदान एक चांगला ब्रेक, पुरेशा अंतरावर ऐकू जाईल अशी घंटी, अंधार पडल्यावर पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, आणि मागे तांबडा दिवा किंवा तांबडा परावर्तक. करार परदेशी जाणाऱ्या सायकलीसाठी असला तरी आपल्या पाणंदीवरच्या सायकलीलाही हीच यादी पुरते.

बॅटरीच्या सायकली

अलीकडे गावोगाव बॅटरीवर चालणाऱ्या सायकली दिसू लागल्या आहेत. त्यांच्याविषयी मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. मोटरची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच ती मोटार वाहनात धरली जात नाही. त्याच नियमात चांगले ब्रेक, पुढे एक पांढरा परावर्तक आणि मागे एक तांबडा परावर्तक असावा असेही म्हटले आहे. या अटीत न बसणारी गाडी दिसायला सायकलसारखी असली तरी कायद्याने मोटार वाहन ठरते. मग तिला नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याला परवाना, हे सगळे आले. दुकानदार "काही लागत नाही हो" म्हणतो म्हणून पैसे मोजू नका. कागदावर वॉट आणि वेग वाचून मगच सायकल घ्या.

घंटी कशाला?

घंटी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. नवी सायकल घेतल्यावर चार महिन्यांत तिची टोपी पडते आणि मग कुणी बसवत नाही. जिनिव्हाच्या करारात घंटीच असावी, दुसरा कोणताही आवाज नसावा असे म्हटले आहे, त्यामागे विचार आहे. घंटीचा आवाज ऐकला की माणूस न बघता ओळखतो की मागून सायकल येते आहे, आणि एका पावलाने बाजूला होतो. भोंगा ऐकला की तो मोटार समजून दचकतो आणि भलतीकडेच उडी मारतो. बैलांचेही तसेच. गळ्यातल्या घुंगरांची सवय असलेला बैल घंटीने बुजत नाही, पण पाठीमागून कर्कश भोंगा वाजला की जू सोडायला बघतो. पोरांनी सायकलला बसवलेले चित्रविचित्र आवाजाचे भोंगे म्हणूनच काढून टाकावेत.

मात्र घंटीची मर्यादाही ओळखा. ट्रॅक्टरच्या धडधडीत, त्यावर लावलेल्या गाण्यांच्या गोंगाटात चालकाला घंटी ऐकू येत नाही. घंटी माणसासाठी आणि जनावरासाठी. यंत्रवाल्यासाठी दिवा.

दिवा दोन कामे करतो

सायकलचा पुढचा दिवा वाट बघण्यासाठी असतो असे आपण समजतो. म्हणून पाणंदीत पायाखालची वाट ठाऊक असलेला शेतकरी म्हणतो, "मला डोळे मिटून जाता येतं, दिवा कशाला?" पण दिव्याचे दुसरे काम पहिल्यापेक्षा मोठे आहे. तुम्हाला वाट दिसते, पण समोरच्याला तुम्ही दिसत नाही.

जरा हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चालकाला काही तरी दिसले, ते काय आहे ते कळले आणि पाय ब्रेकवर पडला, एवढ्याला दीड सेकंद धरा. तेवढ्यात गाडी २५ मीटर पुढे आलेली असते. चार फुटी सरी धरली तर या झाल्या वीस सऱ्या. एवढे अंतर गाडी ब्रेक लागायच्या आधीच तोडते, थांबायला लागणारे अंतर निराळेच. काळी घोंगडी पांघरून, काळ्या रंगाच्या सायकलवर चाललेला माणूस चालकाला वीस सऱ्यांवरून दिसलाच नाही, तर त्याच्या ब्रेकचा काही उपयोग होत नाही.

जुन्या सायकलींना डायनामो असायचा, साधारण ६ व्होल्ट आणि ३ वॉटचा. टायरला टेकवला की दिवा लागतो, बॅटरीचा खर्च नाही. त्याचा दोष एवढाच, की सायकल थांबली की दिवा गेला. वळणावर, गाडीला वाट द्यायला उभे राहिलात की नेमके त्याच क्षणी तुम्ही अंधारात. आता चार्जिंगचे छोटे दिवे मिळतात, ते उभ्या सायकललाही जळतात. पुढे पांढरा आणि मागे तांबडा, हा नियम मात्र मोडू नका. मागे पांढरा दिवा लावला तर पाठून येणाऱ्याला वाटते की समोरून कुणी येत आहे. कपाळाला बांधायची बॅटरी पाणी धरताना फार सोयीची, पण रस्त्यावर तिचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रस्त्यावर आलात की ती खाली वळवा.

विलायतेत याविषयीचे नियम पक्के आहेत. तिथे मावळतीपासून उगवतीपर्यंत रस्त्यावरच्या सायकलला पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा आणि मागे तांबडा परावर्तक सक्तीचा आहे. १ ऑक्टोबर १९८५ नंतर तयार झालेल्या सायकलीच्या पायडलांनाही पिवळसर परावर्तक लागतात. पायडल वर-खाली होते, त्याबरोबर चमकही वर-खाली होते, आणि लांबूनच कळते की ही सायकल आहे.

रेडियम : जे स्वतः उजळत नाही

आपल्याकडे चमकणाऱ्या पट्टीला सगळे 'रेडियम' म्हणतात. खरे रेडियम हे एक मूलद्रव्य आहे. फार पूर्वी घड्याळाच्या काट्यांना त्याचा रंग द्यायचे आणि ते अंधारात आपोआप उजळायचे. आपली पट्टी तशी नाही. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा कोपऱ्या-कोपऱ्यांची नक्षी असते. ज्या दिशेने उजेड येतो त्याच दिशेला ती तो परत पाठवते. म्हणून गाडीचा दिवा तिच्यावर पडला की गाडीवाल्यालाच ती झगझगीत दिसते, बाजूला उभ्या माणसाला मंद दिसते.

यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली : समोरच्या गाडीचाच दिवा बंद असेल तर रेडियमचा काही उपयोग नाही, म्हणून रेडियम हे दिव्याला पर्याय नाही. दुसरी : पट्टीवर चिखल, शेण किंवा मळी बसली की ती आंधळी होते. सायकल धुताना परावर्तकावरून ओला फडका फिरवायला विसरू नका. तिसरी : परावर्तक मागे सरळ बघत असला पाहिजे. मडगार्ड वाकून तो आभाळाकडे बघू लागला, किंवा कॅरिअरवरच्या वैरणीच्या भाऱ्याने झाकला, की असून नसून सारखाच.

२०२० साली केंद्र शासनाने सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला. परावर्तक भारतीय मानकाप्रमाणे असावेत असा त्याचा रोख आहे. तेव्हा नवी सायकल घेताना रंग आणि गिअर बघण्याआधी मागची तांबडी काच, चाकांतल्या पट्ट्या आणि पायडलवरचे तुकडे बघा, आणि मानकाचे चिन्ह विचारा. जुन्या सायकलला हे सगळे नंतरही बसवता येते. खर्च उसाच्या दोन-चार मोळ्यांच्या पैशाएवढा.

आता आपली ट्रॉली

सायकलवाल्याला चार उपदेश करणे सोपे आहे. पण या रस्त्यावर सगळ्यांत मोठा अंधार कोण घेऊन चालते, तर आपली उसाने भरलेली ट्रॉली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कायद्याने ट्रॉली हे मोटार वाहनच आहे. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलरचा नावानिशी उल्लेख आहे. "ती काय, मागे बांधलेली गाडी" हे म्हणणे कोर्टात चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १०४ प्रमाणे ट्रेलरच्या मागे डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक असे दोन तांबडे परावर्तक हवेत. नियम १०५ प्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाआधी अर्ध्या तासापर्यंत, आणि उजेड अपुरा असेल तेव्हा केव्हाही, दिवे लागलेले हवेत. मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसावा असे अंतरही नियमात घातले आहे. डिसेंबरात आपल्या भागात दिवस सहाच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे संध्याकाळी साडेसहा ते सकाळी साडेसहा, चोवीस तासांतले बारा तास दिव्याचे. नियम मोडला तर कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे.

पण आपल्या ट्रॉलीचे खरे दुखणे दिवा नसण्याचे नाही, दिवा झाकला जाण्याचे आहे. मागे लोंबणारी मोळी खाली उतरते आणि दिवा नि परावर्तक दोन्ही पाचटात बुडतात. दोन ट्रॉल्या जोडल्या तर पुढचीची वायर मागचीपर्यंत पोचलेलीच नसते. भरणी झाल्यावर चालकाने मागे जाऊन दहा पावलांवरून एकदा पाहावे. दिवा दिसत नसेल तर कोयत्याने शेंडे छाटून तो मोकळा करावा आणि मगच गाडी हलवावी.

टायर फुटला, आस मोडला, तर गाडी रस्त्यात राहते हे मान्य. पण ती कशी राहते हे आपल्या हातात आहे. कलम १२२ प्रमाणे दुसऱ्याला धोका होईल अशा तऱ्हेने वाहन रस्त्यावर सोडणे हा गुन्हा आहे. चाकाला चार दगड लावून चालक जेवायला गेला, हे आपण सर्रास बघतो. ट्रॉली निघून गेली तरी ते दगड तिथेच राहतात, आणि रात्री बिनदिव्याचा सायकलवाला नेमका त्यावरच जातो.

बैलगाडी

बैलगाडीला मोटार वाहनाचे नियम नाहीत. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ प्रमाणे, सार्वजनिक रस्त्यावर आपल्या कृत्याने किंवा आपल्या ताब्यातील वस्तूची नीट व्यवस्था न ठेवल्याने कुणाला धोका, अडथळा किंवा इजा झाली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम वाहन कोणते ते विचारत नाही. पूर्वीचे गाडीवान गाडीच्या आसाखाली कंदील टांगत. कंदील मागे पडला, पण ती रीत मागे पडू देऊ नये. टायरगाडीच्या मागच्या फळीला तांबडी पट्टी, बाजूंना पिवळी आणि जुवाला पांढरी पट्टी लावा. बैलाच्या शिंगांनाही पट्टी लावावी. बिचारे जनावर तर दिवा मागूही शकत नाही. आपल्याकडे ऊस तोडायला आलेली मंडळी लांबच्या जिल्ह्यांतून बिऱ्हाड घेऊन येतात, गाडीत मागे लेकरे झोपलेली असतात. त्यांच्या गाडीला पट्टी नाही म्हणून मुकादमाकडे बोट दाखवून भागायचे नाही. गाडीत ऊस आपला असतो.

भरपाईच्या वेळी काय होते?

अपघात झाल्यावर मग कागद शोधायचे, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. मोटार वाहनाने झालेल्या अपघातात कलम १६४ प्रमाणे चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. त्याहून अधिक भरपाईसाठी कलम १६६ प्रमाणे दावा केला, तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो : "सायकलला दिवा होता का?" जखमी माणसाचाही हलगर्जीपणा दिसला तर न्यायाधिकरण त्याच्या वाट्याएवढी रक्कम कापू शकते. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घराला हा धक्का दुसऱ्यांदा बसतो.

दुसरी बाजूही तितकीच कडू आहे. आपल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीला पाठून धडकून कुणी दगावला आणि विम्याच्या कागदात फक्त ट्रॅक्टर आहे, ट्रॉली नाही, तर विमा कंपनी हात वर करायला बघते. मग भरपाईचा बोजा मालकाच्या अंगावर येण्याची भीती असते. हंगामाचे बिल सोडा, सातबाराच धोक्यात येतो. म्हणून विम्याच्या कागदावर ट्रॉलीचाही उल्लेख आहे का, ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

या आठवड्यात करायच्या गोष्टी

१. घरातल्या प्रत्येक सायकलची घंटी वाजवून बघा. टोपी नसेल तर बसवा.

२. पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा आणि तांबडा परावर्तक बसवा. मडगार्ड वाकले असेल तर सरळ करा.

३. शाळेच्या सायकली आधी करा, आपली नंतर. पोरांच्या दप्तरालाही मागून एक पट्टी चिकटवा.

४. रात्री पाणी धरायला जाताना अंगावर उजळ कपडा असू द्या. काळे घोंगडे बांधावर पोचल्यावर पांघरा.

५. ट्रॉलीच्या मागे दोन तांबडे परावर्तक, चालू दिवा आणि मागच्या ट्रॉलीपर्यंत पोचणारी वायर आहे का, ते भरणीआधी पाहा. भरणीनंतर पुन्हा एकदा पाहा.

६. वाटेत गाडी उभी राहिली तर मागे लांबवर खूण ठेवा, माणूस ठेवा, आणि निघताना दगड उचला.

७. आपल्या जिल्ह्यात सायकलच्या दिव्याविषयी काय आदेश आहेत, ते जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

शेतात आपण एकेक डोळा जपून बेणे लावतो. रस्त्यावरच्या माणसाला तेवढेच जपायला फार काही लागत नाही. संध्याकाळी सायकल अंगणात लावली की पोराला बॅटरी घेऊन वीस पावलांवर उभे करा आणि उजेड सायकलच्या मागे टाकायला सांगा. तांबडा ठिपका उजळून दिसला तर ठीक. नाही दिसला, तर उद्या बाजारातून येताना आधी तेवढे काम करून या.

आपला,
ऊस विकास अधिकारी